फॉस्टसचं करारखत, डचेसची हक्कसोड आणि वर्गातली नक्कल

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बीएच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे मार्लो या इंग्रज नाटककाराचं 'डॉक्टर फॉस्टस' आहे, चोवीस वर्षांच्या बदल्यात सैतानाला आत्मा लिहून देणाऱ्या पंडिताची गोष्ट. शिकवतो म्हणजे काय, तर मुलं गाईड घेऊन बसतात, मी पुस्तक घेऊन उभा राहतो आणि बेल होते. सोळा वर्षं हेच चाललंय.

गेल्या महिन्यात शेजारच्या एका कॉलेजात इंग्लंडमधल्या रेनेसान्स, म्हणजे शेक्सपिअर-मार्लोच्या काळातल्या, नाटकावर दोन दिवसांचा कार्यक्रम होता. सकाळी व्याख्यानं, दुपारी प्रवेश. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र. अकरा मुलं घेऊन एसटीने गेलो. पहिल्या व्याख्यानाबद्दल न बोललेलं बरं. पडद्यावर जे लिहिलंय तेच वक्ते वाचत होते आणि मागच्या रांगेत आम्ही गुरुजन प्रमाणपत्रं जेवणाआधी की नंतर, याची चौकशी करत होतो.

दुसऱ्या सत्राच्या बाईंनी आल्याआल्या प्रोजेक्टर बंद करायला लावला. खिडक्या उघडा म्हणाल्या. हे नाटक अंधारात बघायचं नाहीच. १५९९ साली उभं राहिलेलं ग्लोब थिएटर मधोमध उघडं होतं, प्रयोग दुपारी व्हायचे, नटाला प्रेक्षकाचा चेहरा दिसायचा आणि प्रेक्षकाला शेजाऱ्याचा. एक पेनी देऊन अंगणात उभं राहून बघणारे लोक होते. १६१३ मध्ये प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी छपरावरच्या गवतात गेली आणि थिएटर जळून खाक झालं. एका माणसाची विजार पेटली, ती बाटलीतल्या बिअरने विझवली, एवढंच काय ते नुकसान माणसांचं. पोरं हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला सोळा वर्षांत माहीत नव्हतं. त्या काळच्या नटाला अख्खं नाटक कधी मिळतच नसे. कागद महाग, लिहून काढणं जिकिरीचं, आणि पूर्ण संहिता दुसऱ्या कंपनीच्या हाती लागायची भीती. म्हणून प्रत्येकाला फक्त त्याची भाषणं मिळत, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. फॉस्टसचं काम ज्याने गाजवलं त्या एडवर्ड ॲलनचा असा एक कागद, दुसऱ्या एका नाटकातला, लंडनच्या डलिच कॉलेजात अजून जपलेला आहे. पट्ट्या एकाला एक चिकटवून केलेली गुंडाळी.

बाईंनी तशाच गुंडाळ्या आमच्या मुलांच्या हातात दिल्या. करारावर सही करायचा प्रवेश. माझ्या वर्गातला एक मुलगा, ज्याने तीन वर्षांत 'येस सर'च्या पलीकडे इंग्रजी काढलेलं नाही, तो फॉस्टस. सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस झाली आमचीच एक मुलगी. समोरचा किती वेळ बोलणार हे त्याला माहीत नाही, काय बोलणार तेही नाही. आपले दोन शब्द कधी येतील म्हणून तो जिवाचा कान करून ऐकत होता. ऐकत होता हो! तासाला मी असा ऐकणारा चेहरा पाहिलेला नाही.

सही रक्ताने करायची, तर रक्तच गोठतं. मेफिस्टो निखारे आणायला पळते. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, अंगठा दे ना भो!" मग फॉस्टस खत मोठ्याने वाचतो, पाच अटी, चोवीस वर्षं मुदत. वाचून झाल्यावर आमच्या पोराने, कागदावर नसताना, मेफिस्टोकडे बघून विचारलं, "साक्षीदार कोण?" सभागृह कोसळलं. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, नाटकात या खताला साक्षीदार कोण आहे ते शोधा. उत्तर काय, तर आपण. दुपारच्या उन्हात उभे असलेले सगळे.

तर आता माझा प्रश्न. हे वर्गात कसं आणायचं? बत्तीस मुलं, आठवड्याला चार तास, आणि पेपरात प्रश्न येतो 'फॉस्टसच्या शोकांतिकेची कारणे लिहा'. आपल्याकडे तमाशा बघून वाढलेली पोरं आहेत, त्यांना हे रक्तातच असतं असं मला वाटायला लागलंय. कुणी करून पाहिलंय का?

भुसावळ_जंक्शन

सर, अकरा मुलं एसटीने नेऊन अकराच्या अकरा परत आणलीत, तिथेच तुमचं नाटक यशस्वी झालं.

बाकी ॲलनबद्दल एक जुनी आख्यायिका वाचलेली. फॉस्टसच्या प्रयोगात भुतं नाचत असताना कुणीतरी मोजलं, तर एक भूत जास्त निघालं. नट घाबरले, प्रयोग बंद, लोक पळाले. खरंखोटं सैतान जाणे. पण आमच्या गॅदरिंगमध्येही ग्रुप डान्सला नेहमी एक पोरगा जास्तच असतो, त्याचं नाव यादीत कधीच नसतं.

कळण्याची_भाकरी

धागा आवडला, शेवटचं वाक्य सोडून. हे 'तमाशा रक्तात आहे' प्रकरण आपण कधी थांबवणार? खान्देशातलं काहीही निघालं की तमाशा, वहीगायन, अहिराणी, भरीत. तमाशाच्या वगात सोंगाड्या जागेवर बोलतो, त्याची मजा त्या क्षणाची असते. मार्लोची ओळ जागेवर सुचलेली नाही. दहा अक्षरं, पाच आघात, यमक नाही, आणि तरी ओळ छातीवर हात मारल्यासारखी संपते. त्याच काळच्या नाटककार बेन जॉन्सनने १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या छापील संग्रहात, शेक्सपिअरवर कविता लिहिली, त्यात मार्लोच्या ओळीच्या ताकदीचा वेगळा उल्लेख केला. ओळीसाठी माणूस लक्षात राहिला! तुमच्या पोराने 'साक्षीदार कोण' विचारलं, छान. पण ती ओळ त्याच्या तोंडात बसली का?

आणि तुमच्या त्या मुलांपैकी किती जणांनी तमाशा खरंच बघितलाय? विचारून पहा. मोबाइल बघून वाढलेली पोरं आहेत ती.

गिरणाकाठ

विचारलं. बत्तीसपैकी पाच जणांनी, तेही यात्रेत, लांबून. तुमचं बरोबर निघालं, शब्द मागे घेतो.

ओळ बसली का? नाही. तीनदा अडखळला. पण चौथ्यांदा म्हणताना पाय आपटत म्हणाला, आणि आघात बरोबर जागी पडले. हे मी शिकवलेलं नव्हतं.

तिसरी_घंटा

नवीन लोक चर्चा करताहेत म्हणून गप्प होतो, पण राहवत नाही. वय वर्षं ७४, मुक्काम अमळनेर.

गिरणाकाठ सर, तुमच्या बाईंनी जी गुंडाळी दिली तिला मराठीत शब्द आहे. नक्कल. माझे वडील एका फिरत्या नाटक मंडळीत होते, पुढे कंपनी बुडाली आणि ते जिनिंगमध्ये कारकून झाले. घरात 'नक्कल पाठ झाली का' हे वाक्य मी लहानपणी शाळेच्या धड्याबद्दलही ऐकलंय. कंपनीत नवा नट आला की त्याला नाटकाचं पुस्तक मिळत नसे, नक्कल मिळे. त्याचीच भाषणं, आणि वर समोरच्याच्या भाषणाचं शेपूट. वडिलांची एक नक्कल माझ्याकडे ट्रंकेत आहे. वहीचे कागद, शाई तांबूस झालेली. त्यात एका पात्राची फक्त उत्तरं आहेत. नाटक कुठलं हे मला आजवर कळलेलं नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याची नक्कल दुसऱ्या कुणाकडे होती.

इंग्रजी नाटक मराठीत आलं ते याच मंडळींच्या खांद्यावरून. कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' १८६७ ला मराठीत आणलं. आगरकरांचं 'विकारविलसित' म्हणजे हॅम्लेट, देवलांचं 'झुंझारराव' म्हणजे पुन्हा ऑथेल्लो. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी हॅम्लेट करत. हे सगळं ऐकायला जमलेल्यांतल्या किती जणांना शेक्सपिअर हे नाव ठाऊक असेल? त्यांना नाटक ठाऊक होतं. मार्लो मात्र आपल्याकडे तसा रुळला नाही, का ते तुम्ही प्राध्यापकांनी सांगा.

भुसावळ_जंक्शन

काका, 'नक्कल' म्हणजे आमच्या परीक्षा केंद्रावर जी चालते ती नव्हे ना? म्हणजे इंग्रजीच्या तासाला नकला वाटणं हा तसा खान्देशी परंपरेला धरूनच उपक्रम आहे.

(हलके घ्या. मी स्वतः पर्यवेक्षक असतो.)

सातपुडा_पायथा

शहाद्याकडे शिकवते. मी आधीच प्रतिसाद देणार होते, पण पेपर तपासणीत अडकले.

आम्ही त्याच काळातल्या वेबस्टरचं 'डचेस ऑफ माल्फी' केलं, पूर्ण नाही, चार प्रवेश. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डचेस तरुण विधवा. दोन भाऊ, एक ड्यूक, एक कार्डिनल, म्हणजे मोठा धर्मगुरू. दोघांची ताकीद, पुन्हा लग्न करायचं नाही. ती स्वतःच्या कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न करते, तीन मुलं होतात. भावांना कळतं आणि ते तिला छळून मारवतात. छळ म्हणजे काय, अंधारात तिच्या हातात मेलेल्या माणसाचा हात देतात, नवऱ्या-मुलाचे मेणाचे पुतळे प्रेतं म्हणून दाखवतात.

मी दरवर्षी शिकवायचे की ड्यूक फर्डिनंडच्या मनात बहिणीबद्दल विकृत आकर्षण आहे. पुस्तकांत तसंच असतं. या वेळी वाचन झाल्यावर दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, बहिणीच्या नावावर काही होतं का?" मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे जमीन. तिनं लग्न केलं तर मुलांचा हिस्सा येईल. आमच्याकडं म्हणून तर हक्कसोडवर सही घेतात."

मंडळी, मी पुस्तक उघडलं. चौथ्या अंकात, बहीण मेल्यानंतर, फर्डिनंड स्वतः बोलून जातो की ती विधवाच राहिली असती तर तिच्या मरणाने मला अफाट संपत्ती मिळेल अशी आशा होती. मी ती ओळ बारा वर्षं वाचत होते आणि पुढे जात होते. ज्या पोरीने आईला तलाठी कार्यालयात मामांसाठी सही करताना पाहिलंय, तिला ती ओळ न वाचताच कळली.

तिचं म्हणणं पूर्ण बरोबर असेल असंही नाही. फर्डिनंड पुढे लांडगा झाल्यासारखा वागतो, रात्री कबरी उकरतो. नुसत्या जमिनीसाठी माणूस इतका भ्रमिष्ट होत नाही. यावर वर्गात भांडण झालं. एका मुलाचं म्हणणं, "होतो मॅडम, आमच्या गल्लीत या."

कळण्याची_भाकरी

याला म्हणतात शिकवणं. ताई, हे कुठेतरी नीट लिहा.

सातपुडा_पायथा

लिहीन. आणखी एक राहिलं. बोसोला नावाचा हेर डचेसला दिवस गेलेत का हे ओळखायला तिला जर्दाळू खायला देतो आणि ती अधाशासारखी खाते. मी हे समजावून सांगणार, तोवर मुली एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या. चिंचा, कैऱ्या, डोहाळे. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मुलं मात्र कोरी. त्यांना मुलींनी समजावलं, त्यातला निम्मा भाग मला ऐकू येणार नाही अशा आवाजात.

आणि हो, त्या काळी डचेसचं काम मुलगाच करायचा. इंग्लंडात १६६० पर्यंत व्यावसायिक रंगभूमीवर बायका नव्हत्या. आमच्याकडे उलटं झालं. एकही मुलगा तयार होईना, म्हणून कार्डिनलही मुलगीच. दाढी काजळाची.

मी_मेफिस्टो

नमस्कार. मी सरांच्या वर्गातली. सरांनी धागा दाखवला म्हणून खातं उघडलं. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मला काम मिळालं तेव्हा वाटलं सैतान म्हणजे मोठ्याने हसायचं, डोळे मोठे करायचे. पण नकलेत माझी वाक्यं तशी नव्हतीच. फॉस्टस विचारतो, तू नरकातून बाहेर कसा आलास? तर तो म्हणतो, हाच नरक आहे, मी बाहेर आलेलोच नाही. हे मोठ्याने हसून म्हणताच येत नाही. मी करून पाहिलं, खोटं वाटलं. मग मी हळू म्हटलं. बाईंनी विचारलं, असं का म्हटलंस? मी सांगितलं, आमच्या शेजारी एक काकू आहेत, त्या माहेरी आल्या तरी सासरीच असतात, तसं वाटलं.

घरी आजीला गोष्ट सांगितली. आजी अहिराणीशिवाय बोलत नाही. चोवीस वर्षं संपत आली, घड्याळात अकरा वाजले, एवढ्यावर आले तर आजी म्हणाली, "आते याले कोन वाचाडी?" आणि भाकरी थापायची थांबली.

मला एक विचारायचं होतं. शेवटी फॉस्टस म्हणतो, पायथागोरस सांगतो तसा पुनर्जन्म खरा असता तर मी जनावर झालो असतो, जनावरं सुखी, मेली की संपतात. आमच्या वर्गात यावर सगळे हसले. कारण आपल्याकडे लोक चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून आयुष्यभर नाम घेतात, आणि हा माणूस तोच फेरा मागतोय! म्हणजे आपली भीती ती त्याची सुटका. हे परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतील का?

गिरणाकाठ

माझ्याकडे पेपर आला तर मिळतील. बाहेर गेला तर सांगता येत नाही, म्हणून गाईडातलं एक कारणही लिहून ठेव बेटा.

कळण्याची_भाकरी

मेफिस्टो ताई, तुम्ही पकडलंय ते फार मोठं आहे, एक जोड देतो. त्या शेवटच्या भाषणात घड्याळ तीनदा वाजतं: अकरा, साडेअकरा, बारा. ओळी मोजा. पहिल्या अर्ध्या तासाला ज्या ओळी आहेत, त्याहून दुसऱ्या अर्ध्या तासाला बऱ्याच कमी आहेत. म्हणजे मार्लोने घड्याळच पळवलंय. पुनर्जन्माची ओळ त्या पळणाऱ्या भागात येते. तो तत्त्वज्ञान सांगत नाहीये, दार शोधतोय. एकेक दार ढकलतो आणि बंद निघतं. ते म्हणताना थांबू नका.

आणि हे शिकवणाऱ्यांसाठी: नाटकाच्या दोन संहिता आहेत, १६०४ ची आणि १६१६ ची. दुसरीत शेकडो ओळी जास्त, बहुतेक गंमतीजंमतीच्या. मार्लो १५९३ मध्येच वारला होता, एकोणतिसाव्या वर्षी, लंडनजवळच्या डेप्टफर्डला, डोळ्याच्या वर सुरा लागून. तेव्हा तुमच्या हातातलं पुस्तक कुठल्या संहितेवरचं आहे ते आधी बघा. आमच्याकडे शिक्षकाकडे एक आणि मुलांच्या गाईडात दुसरी, असं चार वर्षं सुखाने चाललं होतं.

तिसरी_घंटा

या चर्चेत एक खान्देशी धागा माझाही. सगळे 'लंडन कुठे आणि आपण कुठे' म्हणतात म्हणून.

अकबराने असीरगड घेतला आणि खान्देश मोगलांकडे गेला ते १६०१ साली. हॅम्लेट त्याच सुमारास रंगभूमीवर आलं. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये सुरतेहून निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर करत बऱ्हाणपूरला गेला. म्हणजे आजही आपले ट्रक ज्या गावांवरून जातात त्याच वाटेने. त्याच वर्षी तिकडे बेन जॉन्सनचं 'अल्केमिस्ट' आलं. पाच वर्षांनी, १६१५ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास शहजादा परवीझला भेटला. शेक्सपिअर तेव्हा हयात होता. आणि हा रो बेन जॉन्सनच्या ओळखीचा, जॉन्सनने त्याच्यावर कविता केलेल्या आहेत.

ज्या माणसावर जॉन्सनने कविता केली तो बऱ्हाणपूरच्या धुळीत दरबाराची वाट बघत बसला होता. वर्गात एवढं सांगा. नकाशा फळ्यावर काढा, पोरं आपलं गाव शोधतील.

सातपुडा_पायथा

काका, नंदुरबारचं नाव यात आहे हे मला माहीत नव्हतं. उद्याच सांगते.

भुसावळ_जंक्शन

सुरत-भुसावळ पॅसेंजर तेव्हा असती तर बिचारा फिंच एवढा लिहित बसला नसता. किंवा जास्तच लिहिलं असतं.

गिरणाकाठ

अपडेट देतो. गेल्या शनिवारी वर्गात केलं. बाकं भिंतीला लावली, बत्तीसच्या बत्तीस मुलांना नकला. हाताने लिहिल्या, बायकोने आणि मुलीने मदत केली. एका प्रवेशाला दोन रात्री गेल्या. तेव्हा कळलं की कंपनीवाले पूर्ण संहिता का देत नसत. चांगला देवदूत आणि वाईट देवदूत यांची वाक्यं सगळ्या वर्गाला अर्धी अर्धी वाटली, डावी भिंत आणि उजवी भिंत. फॉस्टस मध्ये.

जमलं असं सांगणार नाही. पहिली वीस मिनिटं गोंधळ. दोघांनी नकला हरवल्या, एकाने दुसऱ्याचं भाषण म्हणून टाकलं आणि पुढचे सगळे घसरले. शेजारच्या वर्गातले सर दोनदा डोकावून गेले, तिसऱ्यांदा वरून निरोप आला की आवाज कमी करा. पण साधारण चाळिसाव्या मिनिटाला दोन्ही भिंती एकामागून एक बोलायला लागल्या आणि मधला मुलगा खरोखर इकडून तिकडे बघायला लागला. घामाघूम. उकाडा होता हे मान्य, पण तेवढ्याने नव्हे.

अडचण भाषेची. मुळातून करावं की मराठीत? मी ओळी इंग्रजीत ठेवल्या आणि मधली भांडणं, विनोद, नोकरांचे प्रवेश मुलांना त्यांच्या बोलीत करू दिले. फॉस्टसचा नोकर वॅग्नर अहिराणीत, फॉस्टस इंग्रजीत. भाकरी साहेब रागावतील.

कळण्याची_भाकरी

नाही रागावत. नोकरांचे प्रवेश मुळातही गद्यात, धन्यांचे पद्यात. तुम्ही न कळत तीच भिंत उभी केलीत. फक्त फॉस्टसची शेवटची ओळ कुणालाही अहिराणीत म्हणू देऊ नका.

मी_मेफिस्टो

सर, आजीसाठी एकदा म्हणायची आहे, घरी.

कळण्याची_भाकरी

आजीसाठी चालेल.

तिसरी_घंटा

पुढचा शनिवार धरला आहे का? अमळनेरहून सकाळच्या गाडीने येतो. वडिलांची नक्कल ट्रंकेतून काढली आहे, मुलांना हात लावायला देईन, पण हात धुऊन. सर, कॉलेजचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा. आणि निखाऱ्यांसाठी शेगडी तुमच्याकडे नसेल तर सांगा, आमच्या माडीवर एक पडलेली आहे.